सॉकेट तोच असताना नवा प्रोसेसर का नाकारला जावा?

काटकसरी
मदरबोर्ड, रॅम आणि कॅबिनेट ठणठणीत असताना केवळ प्रोसेसर बदलून जुन्या संगणकाचे आयुष्य वाढवता यावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. सॉकेट म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसर बसवण्याची जागा. इंटेलचा एलजीए ११५१ हा सॉकेट पाहा. २०१५ साली इंटेलच्या प्रोसेसरांच्या सहाव्या पिढीबरोबर आलेला हा सॉकेट सातव्या पिढीलाही चालला. पण २०१७ च्या उत्तरार्धात आठवी पिढी आली तेव्हा सॉकेटचे नाव तेच, पिनांची संख्या तीच, प्रोसेसर जागेवर बसतोही, आणि तरीही जुन्या बोर्डांवर, म्हणजे १०० व २०० मालिकेच्या चिपसेटवर (प्रोसेसरला इतर भागांशी जोडणाऱ्या बोर्डावरील चिपवर), संगणक सुरू होत नाही. वीजपुरवठ्याच्या पिनांची फेररचना केली, असे कारण इंटेलने दिले. पुढे हौशी मंडळींनी बायोसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या, बोर्डावरच साठवलेल्या प्रणालीत) फेरफार करून आणि काही संपर्कबिंदू झाकून हेच प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालवून दाखवले. तेव्हा अडचण तांत्रिक कमी आणि व्यापारी अधिक होती, असे माझे मत आहे.

तंत्रसाधक
या निष्कर्षाशी मी सहमत नाही. एखाद्या हौशी माणसाने एका बोर्डावर प्रोसेसर चालवणे वेगळे आणि निर्मात्याने स्वस्तातल्या बोर्डांसह सर्वांची हमी घेणे वेगळे. जुने बोर्ड जास्तीत जास्त चार कोअरच्या (प्रोसेसरमधील स्वतंत्र गणन-केंद्रांच्या) प्रोसेसरांसाठी आखलेले होते. आठव्या पिढीत सहा आणि नवव्या पिढीत आठ कोअर आले. वाढीव विद्युतप्रवाह बोर्डावरच्या व्हीआरएमला, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाला, पेलायचा असतो आणि तो पेलला नाही तर प्रोसेसरचा वेग तरी खाली येतो किंवा बोर्ड तरी तापतो. शिवाय हा प्रकार नवा नाही. एलजीए ७७५ २००४ मध्ये पेंटियम ४ साठी आला आणि २००६ मध्ये कोअर २ मालिकाही त्याच सॉकेटवर आली, तरी अनेक जुन्या बोर्डांवर ती चालत नव्हती.

काटकसरी
मग इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडीला ते कसे जमले? २०१७ मध्ये तिच्या पहिल्या रायझन प्रोसेसरांसाठी वापरलेल्या एएम४ सॉकेटवर २०२२ सालचा ५८०० एक्स३डी हा प्रोसेसरही बसतो. मे २०२० मध्ये त्यांनीही पुढची पिढी केवळ आपल्या नव्या ५०० मालिकेच्या चिपसेटवर चालेल असे जाहीर केले होते, परंतु ग्राहकांच्या नाराजीनंतर काही दिवसांतच जुन्या ४०० मालिकेला मुभा मिळाली आणि २०२२ मध्ये ३०० मालिकेलाही. 'अशक्य' म्हटलेली गोष्ट आग्रह धरल्यावर शक्य होत असेल, तर आग्रह धरलाच पाहिजे.

तंत्रसाधक
त्याची किंमतही सांगा. अनेक जुन्या बोर्डांवरील बायोसची चिप १६ मेगाबाइटची होती, त्यामुळे नव्या प्रोसेसरांना जागा करून देताना काही बोर्डांच्या बायोसमधून जुन्या प्रोसेसरांचा आधार काढावा लागला. बायोस आधी अद्ययावत करायचा तर बहुतेक बोर्डांच्या बाबतीत, त्यांवर आधीपासून चालणारा जुना प्रोसेसर हाताशी लागतो, आणि एवढे करूनही ३०० मालिकेच्या बोर्डावर पीसीआय एक्सप्रेस (ग्राफिक्स कार्डासारखे भाग जोडणारी वाहिनी) तिसऱ्या आवृत्तीचेच राहते.

फटकळ
तुमचा वाद रंजक आहे, पण ज्याच्यापुढे जुना संगणक आहे त्याला वेगळेच प्रश्न पडतात. इंटेलच्या १०० मालिकेच्या बोर्डावर अधिकृतपणे सातव्या पिढीतल्या ७७०० के या प्रोसेसरच्या पुढे जाता येत नाही. तो विकत घेतला तरी विंडोज ११ च्या अधिकृत यादीत, मोजके अपवाद सोडता, सातवी पिढी नाही. आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. एएम४ वाल्याने मात्र खुशाल प्रोसेसर बदलावा. बोर्डच बदलायचा असेल, तर एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटवर केवळ डीडीआर५ रॅम चालते, म्हणजे जुनी रॅम बाद. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर जुन्या डीडीआर४ रॅमचे बोर्ड मिळतात, पण त्यावर कूलरच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या पंख्याच्या) छिद्रांमधले अंतर ७५ ऐवजी ७८ मिलिमीटर आहे, म्हणून जुन्या कूलरला नवी पट्टी लागते. सॉकेटच्या नावावर विसंबून खरेदी करणे हाच मुळात भाबडेपणा आहे. बोर्डाच्या नेमक्या मॉडेलची प्रोसेसर-यादी उघडावी आणि प्रत्येक प्रोसेसरपुढे दिलेली किमान बायोस आवृत्ती वाचावी.

काटकसरी
यादी वाचण्याचा भार ग्राहकावर आणि नाव ठेवण्याचे स्वातंत्र्य कंपनीला, ही विभागणी मला मान्य नाही. पिनांचे काम बदलले असेल, तर सॉकेटचे नावही बदलावे.

तंत्रसाधक
एवढ्यापुरते आपले जुळते. जुन्या बोर्डांना आधार न देण्याचा निर्णय मात्र मी आजही योग्यच मानतो.