जाळ्यातल्या कोळ्यावर फ्लॅश टाकावा का?

गोरेगावकर:
पावसाळा सरत आला की आरेत आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जायंट वुड स्पायडर या मोठ्या कोळ्याची भलीमोठी जाळी दिसू लागतात आणि त्यापाठोपाठ त्यांची छायाचित्रेही सगळीकडे फिरू लागतात. त्यांतल्या बऱ्याच छायाचित्रांत फ्लॅशमुळे कोळी काळ्याकुट्ट पोकळीत तरंगल्यासारखा दिसतो. भर दुपारी रात्र कुठून आली, असा प्रश्न पडावा. माझे मत असे, की जाळ्यातल्या कोळ्याचे छायाचित्र नैसर्गिक प्रकाशातच काढावे. कॅमेऱ्यावर बसवलेल्या फ्लॅशचा प्रकाश समोरून पडतो. त्याने कोळ्याचे अंग उजळते. पण रेशमाचा धागा अतिशय बारीक आणि गुळगुळीत असल्याने तो प्रकाश ठरावीक कोनांतच परतवतो, त्यामुळे चार-दोन धागे पांढरेफटक उमटतात आणि उरलेले जाळे नाहीसे होते. वुड स्पायडरच्या धाग्याची सोनेरी झाक तर पार धुऊन निघते. याउलट सकाळच्या तिरप्या उन्हात सूर्य जाळ्याच्या मागे येईल असे उभे राहिले, तर ती झाक आणि जाळ्याची सगळी वीण आपोआप दिसते.

मुलुंडकर:
आपले म्हणणे ऐकायला छान आहे, पण सकाळचे ते तिरपे ऊन सप्टेंबरातल्या ढगाळ हवेत, आरेच्या गर्द झाडीखाली, आपल्याला मिळते किती वेळा? पायांवरच्या केसांपासून पोटावरच्या पट्ट्यांपर्यंत सगळे स्पष्ट हवे असेल तर ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र, एफ ११ च्या आसपास, बरेच लहान ठेवावे लागते आणि तसल्या सावलीत शटर, म्हणजे प्रकाश आत घेण्याचा काळ, सहज १/१५ सेकंदापर्यंत खाली येते. ट्रायपॉडने कॅमेरा स्थिर राहतो, जाळे नाही; झुळूक आली की कोळी फोकसबाहेर जातो. कमी ताकदीवर चालवलेल्या फ्लॅशचा झोत मात्र १/१०,००० सेकंदाहूनही कमी काळ टिकू शकतो आणि हलते जाळे जागच्या जागी गोठते.

काळ्या पार्श्वभूमीचा दोष फ्लॅशच्या माथी मारणे मला पटत नाही. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाईवर येतो. फ्लॅशपासून कोळी २० सेंटीमीटरवर आणि मागचे झाड २ मीटरवर असेल, तर झाडावर कोळ्याच्या शंभरावा हिस्सा प्रकाश पोहोचतो, म्हणजे सुमारे साडेसहा स्टॉपचा फरक (प्रकाश निम्मा झाला की एक स्टॉप). ते झाड काळे दिसणारच. शटर १/६० पर्यंत उतरवून आसपासचा प्रकाश आत येऊ द्यावा आणि फ्लॅश केवळ भर घालण्यापुरता ठेवावा. हिरवी पार्श्वभूमी हिरवीच राहते.

गोरेगावकर:
१/६० ला आपलेच वाऱ्याचे गणित फसते. फ्लॅशच्या क्षणी पाय स्पष्ट उमटतो आणि उरलेल्या वेळात जाळे हलल्याने त्याच पायाशेजारी दुसरा, पुसट पाय दिसू लागतो.

मुलुंडकर:
हे मान्य. म्हणून शटर १/२०० वरच ठेवावे आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, ८०० किंवा १६०० पर्यंत न्यावा. पार्श्वभूमीत थोडा दाणेदारपणा येईल, तो काळोखापेक्षा केव्हाही परवडला. फ्लॅशपुढे कोळ्याच्या जवळ जाईल असा मोठा डिफ्यूझर, म्हणजे प्रकाश पसरवणारा पडदा, लावला, तर फ्लॅशच्या चकाकीने कोळ्याच्या पाठीवर उमटणारे पांढरे डागही सौम्य होतात.

निसर्गप्रेमी, दादर:
आपण दोघेही छायाचित्राविषयीच बोलत आहात, म्हणून कोळ्याच्या बाजूने थोडे लिहितो. वर्तुळाकार जाळे विणणाऱ्या कोळ्यांचा भर डोळ्यांपेक्षा धाग्यांतून येणाऱ्या कंपनांवर असतो, त्यामुळे दिवसा पडलेल्या एखाद्या झोताने त्यांचे फारसे बिघडत असेल असे मला वाटत नाही. जाळे पुढच्या पायांत धरून भक्ष्यावर टाकणाऱ्या निशाचर कोळ्यांची गोष्ट निराळी आहे: त्यांच्या मोठ्या डोळ्यांतले प्रकाशग्राही पटल पहाटे मोडते आणि संध्याकाळी नव्याने तयार होते. अंधारासाठी इतक्या निगुतीने तयार झालेल्या डोळ्यांत रात्री फ्लॅशचा मारा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही खरा त्रास प्रकाशाचा नसून हातांचा आहे. जाळे उठून दिसावे म्हणून काही जण त्यावर पावडर उडवतात. तिने धाग्यांवरच्या चिकट थेंबांचा चिकटपणा जातो आणि जाळे शिकारीच्या कामाचे राहत नाही. अनेक कोळी जुने जाळे खाऊन दररोज नवे विणतात, पण वुड स्पायडर तेच जाळे डागडुजी करत वापरतो, तेव्हा त्याचे नुकसान लवकर भरून निघत नाही.

गोरेगावकर:
पावडरीबद्दल पूर्ण सहमत. तो निव्वळ आडदांडपणा आहे. मात्र डिफ्यूझर कितीही मोठा लावला तरी प्रकाश समोरूनच येणार, तेव्हा जाळे हरवते हा माझा मूळ आक्षेप कायम आहे.

मुलुंडकर:
फ्लॅश कॅमेऱ्यावरच असला पाहिजे, असे कुठे आहे? फ्लॅश दुरून उडवणारा वायरलेस ट्रिगर लावून तो जाळ्याच्या मागे, एका बाजूला धरला तर आपले सकाळचे ऊन ढगाळ दुपारीही मिळते.

गोरेगावकर:
मिळते, पण तो फ्लॅश धरायला कोणीतरी जाळ्यामागच्या झुडपात शिरणार आणि ज्या फांद्यांना जाळ्याचे आधारधागे बांधलेले आहेत त्याच हलवणार. जाळ्यात पांढरी नागमोडी नक्षी विणणाऱ्या सिग्नेचर स्पायडरचे जाळे वाटेच्या कडेला, मागे मोकळी जागा असलेले सापडले, तर आपला उपाय जरूर करून पाहावा. वुड स्पायडरचे आधारधागे मात्र दोन झाडांमध्ये लांबवर ताणलेले असतात आणि झाडीतून वाकून जाताना ते दिसत नाहीत. तिथे मी फ्लॅश पिशवीतच ठेवीन.