जुनं सागवानी कपाट घेताना

कपाट वजनदार आणि काळपट दिसलं की जुनं सागवान समजावं, असा एक सल्ला देतात. तेवढ्यावर जाऊ नका, काळा रंग पॉलिशवालाही चढवतो. मुंबईतला ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार असो की चोर बाजार, सरळ कपाटाचा खण बाहेर ओढा आणि उलटा करा. तळाची बाजू सहसा कोणी रंगवत बसत नाही, तिथे मूळ लाकूड दिसतं. कोपऱ्यातले सांधे हाताने कापलेले असतील तर त्यांचे एकमेकांत अडकवलेले दात थोडे लहानमोठे असतात. अगदी एकसारखे असले तर बहुधा यंत्राचं काम.

पक्क्या सागाला कीड सहसा लागत नाही, पण सालीजवळच्या फिकट लाकडाला लागते. टाचणीएवढ्या भोकांखाली पिठासारखा ताजा भुसा दिसला तर भाव कितीही पडो, नाद सोडा. (नुसती जुनी भोकं असतील तर घासाघीस करायला बरी!)

डागाळलेला आरसा मला तरी आवडतो, बदलू नका. लाखेचं पॉलिश करायचं तर पावसाळा उलटल्यावर करा, दमट हवेत ते पांढुरकं पडतं. आणि हो, लिफ्टचं माप घेऊन जा. कपाट सुटं होतं का, हे पैसे देण्याआधी विचारा.