दापोलीजवळ घर बांधायचंय – वाडीतला मिस्त्री की कॉन्ट्रॅक्टर? करारात काय लिहून घ्यावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
माहेरचं घर नव्याने बांधायचं चाललंय. गाव दापोली तालुक्यात, समुद्र घरापासून चालत सहा-सात मिनिटांवर. जुनं घर मातीच्या भिंतींचं, कौलारू. 2020 च्या निसर्ग वादळात अर्धी कौलं आणि मागची पडवी गेली, तेव्हापासून वर पत्रे टाकून भागवतोय. आता दिवाळीनंतर काम काढायचं आणि आगोटीच्या (पावसाळा लागायच्या) आत निदान स्लॅब तरी झाला पाहिजे असं ठरलंय. साधारण 1100 फूट, चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) भिंती, वर स्लॅब, त्यावर पत्र्याची शेड, पुढे पडवी.

दोघांशी बोलणी चालू आहेत. एक दापोलीतला कॉन्ट्रॅक्टर, विथ मटेरियल 2300 रुपये फूट, "चावी हातात देतो, तुम्ही फक्त पूजेला या" म्हणतोय. कोटेशन एका पानाचं, त्यात "चांगल्या प्रतीचं स्टील", "स्टँडर्ड टाइल्स", "ब्रँडेड फिटिंग" एवढंच, कुठला ब्रँड, टाइल्स किती रुपये फुटाच्या, पत्ता नाही. आणि सुरुवातीलाच 30 टक्के मागतोय. दुसरा आमच्याच वाडीतला मिस्त्री, लेबर रेट 480, मटेरियल आपण आणायचं. बाबांचा सगळा ओढा ह्याच्याकडे, आमची विहीर ह्याच्या वडिलांनी बांधली ना! कराराचं नाव काढलं की बाबा म्हणतात, त्याच्याकडनं कागदावर सही घेऊ? वाडीत तोंड कसं दाखवू मग?

माझं घोडं अडलंय ते दुसरीकडेच. दोघांचे रेट शेजारी ठेवून बघताच येत नाहीत. कॉन्ट्रॅक्टर पडवी पूर्ण फुटात धरतोय आणि वरची शेड वेगळी लावतोय, मिस्त्री पडवी अर्धी धरतो पण सेंटरिंगचं (स्लॅबखालच्या फळ्या-टेकूंचं) सामान कोणाचं, मिक्सर कोणाचा विचारलं तर "बघू ओ ताई, तां काय मोठां नाय". त्यात आमच्याकडे गाडी दारापर्यंत येत नाही, वरच्या रस्त्याला माल उतरवून पाखाडीने (पायऱ्यांच्या वाटेने) खाली डोक्यावरनं आणायचा. चिरे वाहायची मजुरी दोघांच्याही हिशोबात नाही, मीच विचारलं तेव्हा दोघंही गप्प. मी डोंबिवलीला, भाऊ दुबईत, बाबा 74 वर्षांचे, रोज साइटवर उभं राहायला कोणी नाही. कोणाला निवडू आणि काय काय लिहून घेऊ? अनुभवी लोकांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद – चिरेबंदी
ताई, आधी मोजायची पद्धत ठरवा मग रेटवर बोला. बाहेरच्या भिंतीच्या बाहेरून माप, पडवी किती टक्के, शेड फुटात की पत्र्याच्या मापाने, जोतं किती उंचीपर्यंत रेटमध्ये आणि त्यावर गेलं तर किती, पायऱ्या, संडासाची टाकी, पाण्याची टाकी, सगळं. आमच्या घराला उतार होता, मागच्या बाजूला जोतं पाच फूट वर आलं आणि "हे ताई/भाऊ एक्स्ट्रा हां" सुरू झालं. पाखाडीची मजुरी तर पहिल्या पानावर हवी, चिऱ्याला नगावर आणि वाळू-खडीला ब्रासवर (100 घनफुटांवर), नाहीतर काम अर्ध्यात आलं की तिथेच अडवतील.
30 टक्के अजिबात देऊ नका. तुमच्या हिशोबाने ते साडेसात लाखाच्या वर होतात आणि जागेवर एक चिरा नाही! सामान आणायला थोडे द्या, मग जोतं झालं की एक हप्ता, लिंटलला (दार-खिडक्यांवरच्या पट्टीला) एक, स्लॅब पडला की एक, गिलावा, फरशी असं. शेवटचे 5 ते 10 टक्के एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवायचे, आपल्याकडचा जुलै पार पडल्याशिवाय स्लॅब गळतो की नाही ते कळत नाही.

प्रतिसाद – खाडीपल्याड
मी सिव्हिलवाला. समुद्र एवढा जवळ आहे तर कोणीही बांधो, दोन गोष्टींवर तडजोड नको. वाळू आणि पाणी. खाडीची वाळू स्वस्त मिळते म्हणून कोणी आणून टाकली तर सळया आतून गंजतात आणि काही वर्षांत स्लॅबचे पोपडे सुटतात, तुमच्या पट्ट्यात असे स्लॅब वाटेल तेवढे बघायला मिळतील. करारात सरळ "खारी वाळू चालणार नाही" लिहा, क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) घ्या. विहिरीच्या पाण्याची लॅब टेस्ट करा. आरसीसीसाठी (सळई घातलेल्या काँक्रीटसाठी) क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत हवं असं आयएस 456 हे काँक्रीटचं भारतीय मानक सांगतं. मे महिन्यात किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात, त्यामुळे टेस्ट दिवाळीला करून गप्प बसू नका.
काँक्रीटची ग्रेड, सळईला कव्हर (बाहेरून काँक्रीटचा थर) किती, हे इंजिनिअरच्या ड्रॉइंगवरून करारात उतरवा. खाली चिऱ्याचे तुकडे ठेवून सळई उचलतात ते बंद करा, सिमेंटचे कव्हर ब्लॉक हवेत. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर निदान 10 दिवस पाणी मारणं, बीमखालचे टेकू 14 दिवसांच्या आत काढायचे नाहीत. घाईत हेच आधी जातं.

प्रतिसाद – सुपारीची_बाग
जीएसटीचं विचारलंत का? विथ मटेरियलवर 18 टक्के, म्हणजे तुमच्या 25 लाखांवर साडेचार लाख. 2300 मध्ये धरलाय की वर? एकट्या घराच्या नुसत्या लेबर कामाला मात्र जीएसटी माफ आहे, तेव्हा तुलना करताना हेही धरा. आणि रेराच्या (बिल्डरांवरच्या कायद्याच्या) भरवशावर राहू नका, स्वतःच्या जागेत ठेकेदाराकडून बांधून घेता तेव्हा तो लागत नाही, तुमचा करार हाच तुमचा आधार.
बाबांचं म्हणणं मला पटतं पण. आमच्याकडे मिस्त्रीला करार शब्दच वापरला नाही. दोनशे पानी वही आणली, पहिल्या पानावर "काय ठरलं" आणि पुढे तारीखवार पैसे आणि माल, खाली त्याची आणि माझी सही. त्याचंच बरं झालं, माझ्या भावाने एकदा दिलेले पैसे दोनदा मोजले होते, ते वहीत सापडलं.
बाकी परवानगीचं काय? भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आत असाल तर सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा) आहे. 200 मीटरच्या आत जुनं अधिकृत घर असेल तर आहे त्याच जोत्याएवढं परत बांधता येतं, वाढवता येत नाही. ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा उतारा काढा आणि जुन्या घराचं माप बघा, 1100 बसतंय का.

धागाकर्ती
बापरे, सगळ्यांचे खूप आभार. उतारा काढला, जुनं घर 860 फूट नोंदलंय! अंतर बाबा म्हणतात 300 मीटर असेल, पण ते पावलांनी मोजलेलं, आता मोजणी मागवते, तोवर कोणालाच ॲडव्हान्स नाही. वहीची आयडिया बाबांना एकदम पसंत, "हां, वही चालेल" म्हणाले. म्हणजे बहुतेक मिस्त्रीच, मटेरियल आम्ही, आणि जोतं, लिंटल, स्लॅबच्या वेळी येऊन बघणारा इंजिनिअर वेगळा. @खाडीपल्याड, असे इंजिनिअर दर व्हिजिटचे पैसे घेतात की कामाच्या टक्क्यावर? आणि स्लॅब भरताना तो दिवसभर थांबणार हेही आधीच लिहून घ्यायचं का?