अंतर पिक्सेलमध्ये नव्हे, जमिनीवर मोजावे
कोरोनाकाळासारख्या साथीत माणसे एकमेकांपासून पुरेशी दूर आहेत का, हे कॅमेऱ्याच्या चित्रावरून तपासायचे, तर संगणकाने माणसांभोवती आखलेल्या दोन चौकटींच्या मध्यबिंदूंमधले अंतर ठरावीक पिक्सेलपेक्षा (चित्रातल्या ठिपक्यांपेक्षा) कमी भरले की इशारा द्यावा, असे सुचवले जाते. ते सोपे असले तरी फसवे आहे. कॅमेरा तिरका बसवलेला असल्याने दूरची माणसे चित्रात एकमेकांना चिकटलेली दिसतात, तर जवळची तेवढ्याच अंतरावर असूनही सुटी दिसतात. म्हणून जमिनीवरच्या एखाद्या मोजलेल्या आयताचे चार कोपरे चित्रात खुणावून होमोग्राफी, म्हणजे चित्रातला बिंदू जमिनीवर नेमका कुठे येतो हे सांगणारे गणिती रूपांतर, काढावी आणि प्रत्येक चौकटीच्या खालच्या कडेचा मध्य, म्हणजे साधारणपणे पावलांची जागा, वरून पाहिलेल्या नकाशावर नेऊन मगच मीटरमध्ये अंतर मोजावे. यातही एक मेख आहे: पाय बाकाआड गेले, तर योलोसारखे, चित्रातली माणसे ओळखून चौकटी आखणारे प्रारूप बहुधा चौकट कमरेपाशीच संपवते आणि तो माणूस नकाशावर प्रत्यक्षापेक्षा बराच मागे सरकतो. सुरक्षित अंतराची मर्यादा २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली किमान १ मीटर धरायची की अमेरिकेत तेव्हा सांगितलेले ६ फूट, हा त्यामानाने किरकोळ प्रश्न. खरी डोकेदुखी एकाच घरातल्या माणसांची, कारण ती बरोबरच चालणार; एकत्र आत येऊन एकत्रच फिरणाऱ्या जोड्या मागोवा घेऊन वगळल्या नाहीत, तर इशाऱ्यांचा नुसता पाऊस पडतो आणि पडद्यासमोर बसलेला माणूस तिकडे पाहणेच सोडून देतो.