सैन्यात अपॉइंटमेंट चुकली तर नेमकं काय होतं?

दाढदुखी
लोकहो, जरा टेन्शन आलंय म्हणून विचारते. माझा धाकटा भाऊ सैन्यात आहे, भरती होऊन दीड वर्ष झालं. परवा सकाळी साडेआठला त्याची दाताच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट होती, आदल्या रात्री ड्युटी करून आला, पाठ टेकली आणि झोपला तो उठला पावणेदहाला. आता त्याच्याकडून लेखी जबाब मागितलाय आणि दोन दिवसांनी कंपनी कमांडरसमोर उभं राहायचंय. मला कळत नाहीये, दाढ त्याची, दुखणार त्याला, यात सैन्याचं काय गेलं? आपण डॉक्टरकडे गेलो नाही तर पुढची तारीख घेतो, विषय संपला. त्याचे मित्र म्हणतायत पोट बिघडलं होतं असं लिही आणि मोकळा हो. लिहावं का? जेलबिल होतं का यात?

जुनाबूट
ताई, आधी घोटभर पाणी प्या. पहिल्यांदा चुकलेल्या दातासाठी सहसा कुणी कुणाला आत टाकत नाही. मी बरीच वर्षं कंपनी ऑफिसात कारकुनी केली, हजेरीचे कागद माझ्याच हातातून जायचे, म्हणून सांगतो.

पण "दाढ त्याची" हे तिथे चालत नाही. वेळ ठरली आणि युनिटच्या यादीत नाव चढलं की ती ड्युटीच, परेडला दांडी मारली काय आणि डॉक्टरच्या खुर्चीला मारली काय, सारखंच. आणि कारण आहे हो त्याला. किडकी दाढ घेऊन माणूस मोहिमेवर गेला आणि तिकडे गाल सुजला तर तो एक कमी होतोच, वर त्याला मागे आणायला अजून माणसं आणि गाडी अडकते.

होतं काय, दवाखान्यातून न आलेल्यांची यादी युनिटला येते. आधी लगेचचा वरिष्ठ झापतो, मग कागदावर समज देतात आणि खाली सही घेतात. ही सही पोरं न वाचता ठोकतात. आमच्याकडे एकाने दोन समजपत्रांवर अशाच सह्या केल्या, तिसऱ्यांदा साहेबांसमोर गेला तेव्हा म्हणाला पहिल्यांदाच झालंय सर. साहेब काही बोलले नाहीत, फाइलीतून तिन्ही कागद काढून टेबलावर एकाशेजारी एक मांडले आणि त्याच्याकडे बघत बसले. मी दाराशी उभा होतो, मलाच घाम फुटला.

कायदाकिडा
कुठल्या देशाचं सैन्य ते लिहिलं नाहीत, नका लिहू. कायदे बरेचसे सारखेच आहेत.

भारतात लष्कर कायदा १९५० चं कलम ३९ आहे, बिनारजेची गैरहजेरी. त्यातच "ठरल्या वेळी परेडच्या किंवा ड्युटीच्या जागी पुरेशा कारणाशिवाय हजर न होणं" हेही येतं. कोर्ट मार्शल झालं तर कमाल ३ वर्षं, पण असली प्रकरणं तिथवर कशाला जातील, कमांडिंग ऑफिसरलाच कलम ८० खाली २८ दिवसांपर्यंत लाइनीत (म्हणजे बराकीच्या आवारात) अडकवून ठेवणं, जादा ड्युटी, ताकीद वगैरे देता येतं. अमेरिकेत त्यांच्या लष्करी कायद्याचं आर्टिकल ८६, नेमल्या जागी नेमल्या वेळी न जाणं, कमाल १ महिना कैद आणि महिनाभर दोन तृतीयांश पगार कापणं. तिथेही बहुतेक वेळा आर्टिकल १५ वरच भागतं, म्हणजे कोर्टाशिवायची शिक्षा, कॅप्टनच्या हातात १४ दिवस जादा ड्युटी, ७ दिवसांचा पगार कापणं आणि शिपायाची एक रँक खाली. आणि दातांचं म्हणाल तर तिथे वर्षाची दंत तपासणी थकली की तो माणूस सहसा मोहिमेला पाठवण्याजोगा धरत नाहीत.

आता पोटाचं. कृपा करून नको. अमेरिकेत खोटं अधिकृत निवेदन आर्टिकल १०७ मध्ये येतं आणि त्याला कमाल ५ वर्षं आहेत. चुकण्याला १ महिना, खोटं बोलण्याला ५ वर्षं, तुम्हीच बघा. शिवाय पोट बिघडलं तर सिक रिपोर्ट, म्हणजे आजारी असल्याची नोंद, कुठाय हा प्रश्न पहिल्या मिनिटाला येणार.

उलटटपाली
हे सगळं खरं, पण दर वेळी चूक पोराचीच नसते ना. मला अपॉइंटमेंटच्या अर्धा तास आधी वरिष्ठाने गाडीत सामान चढवायला थांबवलं, म्हटलं सर डॉक्टरकडे जायचंय, म्हणाला आधी हे उरक. उरकलं. दुसऱ्या दिवशी गैरहजर म्हणून माझंच नाव, आणि हा गृहस्थ म्हणतो मला आठवत नाही. नशीब मी जाता जाता दवाखान्याला फोन करून सांगितलं होतं आणि तिथल्या वहीत वेळेसकट नोंद सापडली, नाहीतर मेलोच होतो. रात्रीच्या ड्युटीचं रजिस्टर असेलच की, भावाला म्हणावं किती वाजता सुटलास ते जबाबात लिही.

जुनाबूट
@उलटटपाली, हे भारी सांगितलंत. पण रडगाणं नको हं, एका ओळीत वेळ लिहायची आणि पुढे "झोप लागली, चूक माझी" एवढंच. आणि साहेबांसमोर जाण्याआधी नवी अपॉइंटमेंट स्वतःच घेऊन ठेवायला सांगा, त्याने निम्मं वातावरण निवतं.

दाढदुखी
अपडेट देते. खरं तेच लिहिलं, पहाटे चारला सुटल्याचं पण लिहिलं. कमांडरने रजिस्टर मागवून बघितलं आणि विचारलं अलार्म किती लावलेले, हा म्हणाला एक. पाच दिवस जादा ड्युटी आणि समजपत्र, सही करण्याआधी वाचलं म्हणे दोनदा 😅 नवी वेळ मंगळवारी सव्वाआठची आहे. तोवर दाढ ठणकतेय ती ठणकतेयच.