मदत हवी आहे: एमटीटीत डोसबरोबर जांभळा रंग वाढतोय

खारीचा_वाटा: औषध वाहून नेणाऱ्या सच्छिद्र सिलिकॉन कणांवर काम करतेय. एमटीटी चाचणीत (जिवंत पेशी पिवळं रंगद्रव्य जांभळं करतात, त्यावरून किती जगल्या ते मोजतात) डोस वाढवला की पेशी 100 टक्क्यांहून जास्त जिवंत! सूक्ष्मदर्शकाखाली मात्र गोल होऊन सुटलेल्या दिसतात. गाईड म्हणतात, आकडे छान आहेत, लिहून टाक. परवा मीटिंग आहे, लवकर सांगा.

नाठाळ_नंदू: कुठल्या पेशी? कण केवढे? एचिंगनंतर (आम्लाने छिद्रं पाडल्यावर) पृष्ठभागाला काय केलंत? आम्ही काय ज्योतिषी आहोत?

खारीचा_वाटा: काको-2 (माणसाच्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी). कण मायक्रॉनमधले. पृष्ठभागाला काय करायचं असतं? एचएफ (हायड्रोफ्लोरिक आम्ल) आणि इथेनॉलमध्ये एचिंग, मग धुऊन वाळवून फोडले.

मावळवारा: गोम तिथेच आहे. ताज्या पृष्ठभागावर सिलिकॉन-हायड्रोजन बंध असतात, ते पेशींशिवायच एमटीटीचं क्षपण करतात, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन त्याला जांभळं करतात. पेशींशिवाय नुसते कण, मीडियम (पेशींचं पोषक द्रव) आणि एमटीटी असा एक वेल (प्लेटमधला खळगा) लावा.

सुगरण_पेशी: एमटीटी सोडा, रेझाझ्युरिन (तशाच चाचणीचं दुसरं रंगद्रव्य) वापरा. आमच्याकडे झकास चालतं.

नाठाळ_नंदू: अहो, तेही क्षपणावरच चालतं! एटीपी (जिवंत पेशींतला ऊर्जेचा रेणू) मोजा नाहीतर एलडीएच (फुटलेल्या पेशींतून बाहेर येणारं विकर), आणि त्यालाही तुलनेसाठी नुसत्या कणांचा कंट्रोल लावाच.

इतिहासवेडा: 1956 मध्ये बेल लॅबमध्ये उलिर दांपत्याला सच्छिद्र सिलिकॉन अपघातानेच सापडलं. 1995 मध्ये कॅनहॅम यांनी दाखवलं की कृत्रिम शरीरद्रवात त्यावर हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट (हाडातलं खनिज) वाढतं. शरीरात विरघळून त्याचं ऑर्थोसिलिसिक आम्ल होतं, ते लघवीवाटे जातं.

नाठाळ_नंदू: हे कोणी विचारलं?

आजीचा_बटवा: होमिओपॅथीच्या सिलिशिया 6एक्सने माझ्या भाचीची नखं सुधारली.

मावळवारा: _/\_ खारीताई, औषध डॉक्सोरुबिसिनसारखं (कर्करोगावरचं) असेल तर त्याच्यावरही हा पृष्ठभाग प्रक्रिया करतो. आधी कण भट्टीत तापवून पृष्ठभागाचं ऑक्सिडीकरण करा.

सुगरण_पेशी: त्यापेक्षा अ‍ॅसिटिलीन वायूने कार्बनीकरण (पृष्ठभागावर कार्बन बसवणं). जास्त टिकाऊ.

नाठाळ_नंदू: परवाच्या मीटिंगसाठी अ‍ॅसिटिलीनची नळकांडी मागवायला लावताय बिचारीला?

काचेचा_चष्मा: एचएफजवळ कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (एचएफने भाजल्यावर लावायचं) ठेवता ना? मुदत बघून घ्या.

खारीचा_वाटा: जेल आहे. वेल लावला, एकही पेशी नसताना गर्द जांभळा! पण भट्टीची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते रजेवर. साधा ओव्हन 300 अंशांपर्यंत जातो, चालेल?

मावळवारा: 300 ला ऑक्सिजन आत शिरतो, पण बरेच हायड्राइड (तेच सिलिकॉन-हायड्रोजन बंध) तसेच राहतात. 600 च्या आसपास हवं. मीटिंगला तो जांभळा वेलच दाखवा, भट्टी नंतर.