मदत हवी आहे : वसंतातले पक्षी-प्राणी, १२ मुलं, दीड तास, कमी खर्च

पानगळ :
पाडव्याच्या आधीच्या रविवारी सोसायटीतल्या मुलांसाठी हस्तकला ठेवायची आहे. मुलं १२, वय ४ ते ९. मोठी माणसं तीन. खर्च ३०० रुपयांत बसवायचाय, त्यामुळे तयार किट नकोत. शोधलं की ससे आणि मेंढ्याच समोर येतात. आपल्याकडे या दिवसांत जे दिसतं, ऐकू येतं, ते करता येईल का? शंका दोन : रंग आणि गोंद वाळायला वेळ कसा काढायचा? आणि अंड्यांचा ट्रे मुलांच्या हातात द्यावा का?

कातरबोट :
मग कोकीळच घ्या. डोलणारा पक्षी होतो, रंग लागत नाही, म्हणून रंग वाळवायचा प्रश्नच नाही.

जुन्या लग्नपत्रिकांचा किंवा तेवढ्याच जाडीचा काळा कार्डपेपर घ्या. ताटली ठेवून १८ सेंमी व्यासाचं वर्तुळ आखा आणि बरोबर मधोमध घडी घाला. घडी वर, गोल कडा खाली, असा तो उभा राहतो आणि टिचकी मारली की डोलतो. घडीच्या रेषेवर आधी रिकाम्या रिफिलीने दाबून खूण पाडा. नाहीतर जाड कागद घडीवर तडकतो.

पंखांसाठी १५ × १० सेंमीचा साधा काळा घोटीव कागद. लांब बाजूला समांतर एकेक सेंमीच्या उलटसुलट घड्या घाला, १५ सेंमीची अरुंद पट्टी होईल. अंगावर, घडीच्या २ सेंमी खाली, दोन्ही थरांतून दीड सेंमीची आडवी चीर. पट्टी त्यातून अर्धी पलीकडे सरकवा आणि दोन्ही बाजू पंख्यासारख्या उघडा. चीर मोठी झाली तर पंख गळून पडतात, म्हणून ती मोठ्या माणसाने कटरने आधीच पाडून ठेवावी. ५ सेंमीचं गोल डोकं घडीच्या एका टोकाला, १० सेंमीच्या तीन पट्ट्यांची शेपटी दुसऱ्या टोकाला.

बिघडतं ते दोन ठिकाणी. खालच्या दोन्ही कडा फाकल्या की पक्षी बसकण मारतो आणि डोलत नाही. आतून दोन्ही बाजूंना जोडणारी २ सेंमी रुंद कागदाची पट्टी चिकटवली की अंतर कायम राहतं. पुढे तोंडावर पडत असेल तर डोकं जड झालंय : शेपटीच्या बाजूला आतून कार्डपेपरचे दोन तुकडे चिकटवा.

डोळ्यांना लाल टिकल्या. प्लास्टिकचे हलणारे डोळे नकोत, सुटले की घरातली धाकटी भावंडं तोंडात घालतात. चोच फिकट हिरवट. काही मुलांना मादी करू द्या : तपकिरी कागद, त्यावर पांढरे ठिपके. ‘कुहू’ करणारा तो काळा नर, हे त्याच वेळी सांगता येतं.

सुरवंट :
ट्रेबद्दल. वाट्यांची रांग कापून त्याची अळी करता येते. डाग किंवा कवच चिकटलेला ट्रे घेऊच नका. कागदाच्या लगद्याचा असल्याने धुता येत नाही, आणि अंड्यांवरून येणारे जंतू उन्हात ठेवून नक्की जातात असं समजू नये. स्वच्छ, नवा ट्रे दुकानदाराकडे मागा आणि काम झाल्यावर मुलांचे हात साबणाने धुवायला लावा. ३० वाट्यांच्या ट्रेमधून ६ वाट्यांच्या ५ अळ्या होतात, म्हणजे १२ मुलांना तीन ट्रे. कापणं मोठ्यांचंच काम. लगदा मुलांच्या कात्रीला चिरत नाही, चुरगळतो.

पोस्टर कलर पातळ केला की लगदा मऊ पडून वाट्या बसतात. रंग घट्टच ठेवा, एकच हात, आणि रंगवणं अगदी सुरुवातीला उरका. कोकीळ होईपर्यंत अळी बरीच वाळते.

अळी हिरवी करा, म्हणजे ती नीलवंताची होईल. हे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, २०१५पासून. अळी लिंबूवर्गातल्या झाडांवर असते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी. मुलं हे ऐकून खूश होतात! तिला मिशा लावू नका. डिवचलं तर ती डोक्यामागून दुशाखी शिंगासारखा अवयव बाहेर काढते. लाल लोकरीचा ३ सेंमी तुकडा मधोमध चिकटवला की झालं.

पानगळ :
फारच छान. चार-पाच वर्षांच्यांना कोकीळ झेपेल? आणि गोंद कोणता?

कातरबोट :
त्यांना वर्तुळं आणि चिरा तयार द्या. घडी घालणं, शेपटी चिकटवणं आणि टिकल्या लावणं त्यांचं. पंखांच्या घड्या सातच्या पुढच्या मुलांनी घालाव्यात, लहानांकडून त्या तिरक्या होतात आणि पंखा नीट उघडत नाही.

घोटीव कागदाला फेविकॉल जास्त लागला की सुरकुत्या पडतात. त्यापेक्षा खळ करा : २ चमचे मैदा, १ कप पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळायची. १२ मुलांना पुरते. खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे, ती इथे अजिबात नको, मोरचूद विषारी. आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवा. मात्र गुळगुळीत पत्रिकेवर खळ धरत नाही. डोकं आणि शेपटी पत्रिकेच्या आतल्या, चकाकी नसलेल्या बाजूला चिकटवा किंवा तेवढ्यापुरता फेविकॉल वापरा.

सुरवंट :
वेळ उरला तर मोठ्या मुलांसाठी लोकरीची चिमणी. ६ सेंमी रुंद पुठ्ठ्यावर ८० ते १०० वेढे, पुठ्ठा काढून मधोमध बांधायचं आणि दोन्ही कडा कापायच्या. बांधायला लोकर नको, ओढली की ताणते आणि गाठ सैल राहून सगळे केस गळतात. जाड सुती दोरा घ्या, दुहेरी गाठ. नर हवा असेल तर गळ्याखाली काळा तुकडा. २० मार्च जागतिक चिमणी दिवस, तुमचा रविवार त्याच्या आसपास येऊ शकतो.